टेक्याचा दगड

धोंडाबाईची आणि माझी पहिली भेट झाली, त्या दिवशी सकाळी माझी उंची पाच फूट सहा इंच होती. भेट संपली तेव्हा ती पाच फूट चार इंच उरली होती. राहिलेले दोन इंच लोणावळ्यात मंडईमागच्या गल्लीत, डांबरात कुठंतरी रुतून बसलेत. ते उकरून काढायला अजून कोणी पुढे आलेलं नाही.

२०२२ चा मे महिना होता. मी शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत उभा होतो. चष्मा डोळ्यांवर चढवला तेव्हा समोर जमिनीवर एक भरलेली पाटी दिसली आणि पाटीशेजारी, साधारण माझ्या वरच्या खिशाच्या उंचीची, एक बाई दिसली.

"ओ भाऊ, जरा हात लावा."

ही विनंती नव्हती. फलाटावरचा गार्ड हिरवा झेंडा दाखवतो, त्यात जेवढी विनंती असते तेवढीच हिच्यात होती. हात लावायचा म्हणजे देवळातल्या घंटेला लावतो तसा लावायचा, अशी माझी समजूत. पाटीत पाच फणस होते. त्यातला सगळ्यात धाकटा बालवाडीत जाणाऱ्या हत्तीएवढा होता. मी एका बाजूनं धरलं, तिनं दुसऱ्या बाजूनं धरलं आणि पाटी वर निघाली. गुडघ्यापर्यंत आली तेव्हा माझ्या कानात सनई वाजायला लागली. कमरेपर्यंत आली तेव्हा मला तिकोना किल्ला स्पष्ट दिसला. मंडईमागच्या गल्लीतून तिकोना दिसत नाही. छातीपर्यंत आली तेव्हा वारलेले दोन काका भेटून गेले. त्यातल्या एकानं तर मला ओळखलंही नाही. मग एकदम सगळं हलकं झालं. पाटी तिच्या डोक्यावरच्या चुंबळीवर जाऊन बसली होती आणि ती बाई मान ताठ ठेवून, एका हातानं पदर सावरत, बंगल्यांच्या रस्त्याला लागलीसुद्धा होती. चार फूट आठ इंच उंची, चपला धरून चाळीस किलो वजन. मी पुढचे तीन आठवडे गरम पाण्याची पिशवी घेऊन पालथा पडून होतो.

ही धोंडाबाई. आंदर मावळातल्या कोळदऱ्याची. कोळदरे आता नाही. धोंडाबाई एकोणतीस वर्षांची असताना ते धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि गावकऱ्यांना लोणावळ्याच्या बाहेर, रुळांपलीकडे, वसाहत मिळाली. वसाहतीच्या पाटीवर 'नवे कोळदरे' असं लिहिलेलं आहे. त्यातलं 'नवे' आता तिशी ओलांडून बसलंय. धोंडाबाईचं पाण्याच्या वर राहिलेलं अर्धा एकर रान मात्र अजून तिथंच आहे. ती पहाटेच्या जीपनं तिकडं जाते आणि नऊ वाजता बाजारात परत येते. उन्हाळ्यात फणस, करवंदं, जांभळं. पावसाळ्यात कुर्डू, टाकळा, भारंगी या रानभाज्या. दिवसभर बंगलोबंगली फिरून विकते. म्हणजे पाटी दिवसातून दहा-बारा वेळा उतरवायची आणि तितक्याच वेळा चढवायची.

तिचा नवरा अंबाजी. त्यानं एका बंगल्याच्या फाटकावर सत्तावीस वर्षं राखण केली. राखण म्हणजे खुर्चीवर बसणं, आणि हे काम त्याला मनापासून आवडायचं. निवृत्त होताना मालकांनी त्याला ती खुर्चीच भेट दिली. बसण्याबद्दल त्याचं ज्ञान मोठं आहे. कुठल्या दगडावर सकाळी बसावं आणि कुठल्यावर दुपारी, हे तो झोपेत सांगेल. झोपतोही बऱ्याचदा बसूनच.

माझी आणि धोंडाबाईची दुसरी भेट घडवली इरावतीनं. इरावती पुण्याची. शहरं कशी बांधावीत याचं शिक्षण घेऊन आलेली. तिचं म्हणणं असं, की आपली शहरं पुरुषांनी पुरुषांसाठी बांधली, आणि त्यातही जी बाई आपलं गाव गमावून शहरात आली तिला तर कोणी काही विचारलंच नाही. तिनं 'विस्थापित स्त्रिया आणि सर्वसमावेशक शहर' नावाचा प्रकल्प हाती घेतला होता. बायका काय बोलतात ते मराठीत टिपून घ्यायला तिला माणूस हवा होता, आणि माझी पाठ नुकतीच बरी झाली होती. इरावती हुशार आहे, मायाळू आहे आणि जगातली कुठलीही अडचण रंगीत टिकल्यांनी सुटते यावर तिची श्रद्धा आहे.

पहिल्या आठवड्यात तिच्या एक गोष्ट लक्षात आली. मंडईमागच्या गल्लीत बायका डोक्यावर ओझं घेऊन तासतासभर उभ्या असतात. तिनं वहीत लिहिलं, 'बसायला जागा नाही.' आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या गाडीत घालून एक लाकडी बाक आणून ठेवला. दहा वाजता आम्ही बघायला गेलो. बाकावर अंबाजी बसला होता. बाकाभोवती, डोक्यावर पाट्या घेऊन, पाच बायका उभ्या होत्या.

"मावशी, बसा ना," इरावती म्हणाली.

"बसले तर उठवंल कोन?" धोंडाबाई म्हणाली.

"मग पाटी खाली ठेवा आणि बसा."

"आन् चढवंल कोन? तुमी?"

इरावतीनं पाटीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी चष्मा पुसायला लागलो.

"कोणालाही सांगायचं, हात लावा म्हणून," इरावती म्हणाली. "एवढी माणसं असतात इथं."

"मान्सं लय हैत, ताई. पर हात पाटीला लावत्याल का दुसरीकडं, ह्ये आदी कळत न्हाई." बाकीच्या चौघी हसल्या, पण फार नाही. "दुकानदाराला बोलवावं तर त्यो फनस फुकाट मागतो. म्हातारं बोलवावं तर त्येचीच कंबर धरायला दुसरं मानूस लागतंय. तरन्याचं तर नावच नको. मग बघत ऱ्हायाचं. चष्मा लावल्यालं, पोट सुटल्यालं, येड्यावानी हुबं आसल्यालं कुनी गावलं का त्येला हाक मारायची."

"म्हणजे त्या दिवशी मी..." मी म्हणालो.

"तुमी लय बेस व्हता, भाऊ. बघताच कळलं, ह्यांच्यापास्नं कायबी व्हनार न्हाई."

माझ्या चारित्र्याचा इतका भरवशाचा दाखला मला आजवर कुणी दिलेला नाही.

तसा माणूस सापडला नाही की धोंडाबाई पाटी उतरवायचीच नाही. एकदा जांभळांच्या दिवसात दीड तास उभी होती म्हणे. इरावतीनं विचारलं, "मावशी, तुम्हाला नेमकं काय हवंय?" अशा प्रश्नाला लोक सहसा पाणी, रस्ता, दिवा असं काहीतरी सांगतात. धोंडाबाई म्हणाली, "मला कुनाला हाक मारायची न्हाई. माजी पाटी म्या उतरवावी, म्याच चढवावी. येवडंच."

मी ते लिहून घेतलं. एवढंच होतं, त्यामुळे एका ओळीत मावलं.

पुढं समाजमंदिरात बैठक भरली. इरावतीनं बारा फूट लांब नकाशा जमिनीवर पसरला. बायकांनी त्यावर चालत जायचं, आवडत्या जागेवर हिरवी टिकली लावायची आणि भीती वाटते त्या जागेवर लाल, असा बेत होता. बेत सुरू व्हायच्या आधीच बारगळला, कारण एकही बाई नकाशावर पाय ठेवीना. कागद म्हणजे विद्या, त्याला पाय लावायचा नाही. इरावतीनं स्वतः चालून दाखवलं. तेव्हा दोघी-तिघींनी तिच्या वतीनं कागदाला हात लावून नमस्कार केला. शेवटी नकाशा भिंतीवर टांगला. त्यामुळं लोणावळा खाली, कमरेशी आलं आणि धरण वर, छताशी गेलं. लाल टिकल्या मंडईमागच्या गल्लीत इतक्या लागल्या की गल्ली दिसेनाशी झाली. हिरव्या टिकल्या देऊळ, दवाखाना, मुलीची शाळा अशा लागत गेल्या. धोंडाबाई आपली हिरवी टिकली बोटावर घेऊन वर बघत उभी होती.

"ए येशे," तिनं शेजारणीला हाक मारली. येसूबाई ही वसाहतीतली सगळ्यात उंच बाई, पाच फूट सहा. "माजी तितं वर लाव. निळ्यात. आनखी वर. आगं माज्या घराव नको लावूस, त्येच्या म्होरं, वाटंला."

येसूबाईनं टिकली धरणाच्या मधोमध लावली.

"मावशी, तिथं पाणी आहे," इरावती म्हणाली.

"ठावं हाय. म्या त्ये भरताना बगितलंय."

"मग तिथं काय आवडतं तुम्हाला?"

"टेक्याचा दगड."

त्यानंतर सगळ्या एकदम बोलायला लागल्या आणि माझी दोन पानं भरली. त्याचं सार असं. कोळदऱ्यातून वर चढणाऱ्या वाटेवर एक लांबलचक दगड होता, माणसाच्या खांद्याला येईल एवढा. मोळी, भारा, पाटी, जे काही डोक्यावर असेल ते घेऊन बाई त्याला पाठ लावून उभी राहायची आणि ओझं मागं सरकवायची. ओझं दगडावर, बाई मोकळी. निघताना उलट. पाटीची कड दगडाच्या बाहेर ओढायची, गुडघे वाकवून डोकं खाली घालायचं आणि उठायचं. कुणाला हाक नाही. वसाहत देताना सरकारनं घर मोजलं, गोठा मोजला, झाडं मोजली. दगड कोणी मोजला नाही, कारण तो कोणाच्याच नावावर नव्हता.

इरावतीचा चेहरा उजळला. मंडईमागं तसाच कट्टा बांधायचा! तिनं टेप काढली आणि दोन दिवसांत बेचाळीस बायकांचे खांदे मोजले. सरासरी आली चार फूट दीड इंच. प्लायवूडची फळी त्या उंचीवर ठोकून पाहिली. धोंडाबाईच्या ती कानाला लागली. येसूबाईच्या काखेखाली गेली. बाकीच्यांपैकी कोणी टाचा उंचावल्या, कोणी कमरेतून वाकल्या, आणि एकीची टोमॅटोची पाटी थेट अंबाजीच्या मांडीवर आली. ज्या बाईला ती उंची बरोब्बर बसली असती, ती सरासरी बाई अख्ख्या वसाहतीत नव्हती.

"तीन उंचीचे तीन कट्टे करावे लागतील," इरावती म्हणाली.

"कशापायी? दगुड तर येकच व्हता," धोंडाबाई म्हणाली.

"मग तो सगळ्यांना कसा पुरायचा?"

"पुरायचा. माज्या सासूलाबी आन् ह्या येशीलाबी."

"पण कसा?"

"आता कसा त्ये काय सांगू? हात कसा हालतो ह्ये कुनी सांगतंय का? मे म्हैन्यात पानी उतरलं का त्यो वर येतो. बगा जाऊन."

म्हणून २०२३ च्या मे महिन्यात आम्ही चौघं गेलो. मी, इरावती, धोंडाबाई आणि येसूबाई. जीप फाट्यावर सोडली आणि पाऊण तास चाललो. पाणी खूप मागं गेलं होतं. भेगाळलेल्या गाळात जुनी खोडं उभी होती. दगड दिसला तेव्हा माझी थोडी निराशाच झाली. वर्षभर ज्याच्याबद्दल ऐकलं तो काळसर, वाळल्या शेवाळाचा, बारा-तेरा पावलं लांब खडक. वरची बाजू तेवढी घासून गुळगुळीत झालेली.

इरावतीनं टेप लावली. एका टोकाला तीन फूट आठ इंच. दुसऱ्या टोकाला चार फूट नऊ.

"दगड तिरका आहे," ती म्हणाली. मग मोबाइलमधली पातळी लावून तो दगडावर ठेवून पाहिला. दगड तिरका नव्हता. अगदी सपाट होता.

तेवढ्यात धोंडाबाई आपोआप वरच्या टोकाकडं गेली आणि पाठ टेकून उभी राहिली. येसूबाई, कोणी न सांगता, नऊ पावलं खाली उतरून थांबली आणि तिनं पाठ टेकली. दगड दोघींच्या बरोबर खांद्याला. मधल्या मोकळ्या जागेकडं बोट करून धोंडाबाई म्हणाली, "हितं सोनारनीची सून. त्येच्या खाली पाटलीन. ती थोराड व्हती, तिला पार तितं."

मी वहीत लिहिलं: 'दगड सपाट. जमीन उतरती.' इरावतीनं टिकल्यांचं पाकीट पिशवीत आत, तळाशी ठेवून दिलं.

मंडईमागच्या गल्लीला उतार होताच. काम सोपं होतं. अवघड होतं ते मंजूर करून घेणं. नगरपरिषदेच्या कचेरीतल्या साहेबांनी नकाशा तीनदा उलटासुलटा करून पाहिला.

"एवढ्या उंच कट्ट्यावर बसणार कोण?"

"कोणीच नाही," इरावती म्हणाली.

"मग कट्टा कशासाठी?"

"टेकायला."

साहेबांनी अर्ज दाखवला. त्यात कामाचे सहा प्रकार छापलेले होते: रस्ता, गटार, दिवाबत्ती, स्वच्छतागृह, बैठक व्यवस्था, वृक्षारोपण. टेकणं त्यात नव्हतं. सातवा प्रकार घालायचा तर फाइल मुंबईला जाणार होती, आणि मुंबईला गेलेल्या फायली परत आल्याचं साहेबांच्या ऐकिवात नव्हतं. इरावतीनं थोडा विचार केला आणि 'बैठक व्यवस्था' वर खूण केली. चार महिन्यांत कट्टा उभा राहिला. काळ्या दगडाचा, एका टोकाला धोंडाबाईच्या खांद्याएवढा, दुसऱ्या टोकाला येसूबाईच्या.

उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना छायाचित्रासाठी कट्ट्यावर बसायचं होतं. दोघांनी त्यांना हात लावला. उतरवायला चौघं लागले.

त्यानंतरचं वर्ष फार काही घडलं नाही, आणि धोंडाबाईला तेच हवं होतं. नऊ वाजता ती यायची, वरच्या टोकाला पाठ लावायची, पाटी मागं सरकवायची, दोन्ही हातांनी मान चोळायची, पान खायची, आणि वाटेल तेव्हा गुडघे वाकवून, डोकं घालून, निघून जायची. बंगल्यांच्या फेऱ्यांमध्येही ती मुद्दाम वाट वाकडी करून कट्ट्यावर येऊ लागली. फणसाचे दिवस गेले, टाकळ्याचे गेले, भारंगीचे गेले. या काळात तिनं कोणालाही हाक मारली नाही. मी एक-दोनदा समोर जाऊन, चष्मा पुसत, येड्यासारखा उभाही राहून पाहिलं.

"भाऊ," ती म्हणाली, "आता तुमी मोकळं."

एक माणूस मात्र खूश नव्हता. अंबाजी. गल्लीत बसायचा कट्टा झाला असं त्यानं ऐकलं होतं, कोनशिलेवर 'बैठक व्यवस्था' असं कोरलेलंही होतं, आणि अंबाजीला त्यावर चढता येत नव्हतं. तो रोज संध्याकाळी चार वाजता येऊन कट्ट्यासमोर उभा राहायचा. उभं राहणं त्याला सोसत नसे. त्याच्यासारखे आणखी सोळा जण निघाले. हौशीराम पेपरवाल्याचं अक्षर चांगलं, म्हणून त्यानं अर्ज लिहिला: 'बसण्याचा कट्टा बसण्यायोग्य नसलेबाबत.' पहिला अंगठा अंबाजीचा.

गल्लीत कधी कोणाच्या अर्जाची इतकी झटपट दखल घेतली गेली नव्हती. पाहणी झाली. फाइल उघडली. फाइलमध्ये बैठक व्यवस्था म्हटलेलं आणि बैठकीची उंची असायला हवी दीड फूट. इथं तर पावणेचार-साडेचार. चूक स्पष्ट होती. चांगला काळा दगड फोडणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्यांनी कट्टा तसाच ठेवला आणि जमीन वर उचलली. समोर मुरमाचा भराव घातला, सपाट केला, वर रंगीत फरशा बसवल्या, चढायला पायऱ्या केल्या आणि कोणी पडू नये म्हणून पुढं लोखंडी कठडा लावला. गेल्या वर्षी फेब्रुवारीत हे सगळं आठ दिवसांत झालं. त्या आठ दिवसांत धोंडाबाई बहिणीच्या नातीच्या लग्नाला वडिवळ्याला गेली होती.

ती परत आली त्या संध्याकाळी मी वसाहतीत होतो. इरावतीच्या प्रकल्पाच्या अहवालाची छापील प्रत तिला द्यायला गेलो होतो. अहवालात एकसष्टाव्या पानावर कट्ट्याचा फोटो आहे, उंच असतानाचा. अंबाजी दारात भेट मिळालेल्या खुर्चीवर बसला होता.

"तुमी अंगटा लावला व्हय?" धोंडाबाईनं विचारलं.

"लावला. बसाया केल्याला कट्टा, आन् बसाया येत न्हवतं."

"मला इचारायचं की."

"तुला काय इचारायचं?" अंबाजी खरोखरच गोंधळला होता. "तू कुटं बसतीस?"

धोंडाबाईनं यावर विचार केला. अंबाजीचं चुकलं होतं असं म्हणता येत नव्हतं. ती आत गेली आणि तिनं चूल पेटवली. मी अहवाल खुर्चीच्या हातावर ठेवून निघालो.

इरावतीनं कचेरीला तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याला उत्तर आलं, की बैठक व्यवस्थेत आता कोणतीही त्रुटी शिल्लक नाही. सध्या ती दुसऱ्या एका शहरात काम करते. अर्जात सातवी ओळ घालायची तिची खटपट चालू आहे.

या मे महिन्यात मी मंडईमागच्या गल्लीतून चाललो होतो. मागून आवाज आला.

"ओ भाऊ, जरा हात लावा."

पाटीत चार फणस होते. मी एका बाजूनं धरलं, तिनं दुसऱ्या बाजूनं धरलं. तिकोना या वेळी दिसला नाही.

कट्ट्याची उंची आता या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी, दीड फूट आहे. अंबाजी रोज चार ते सहा त्यावर बसतो.